अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजीची उजळणी: एकेक सिस्टिम येते, पण जोडून विचारलं की अडतं

पहिलंवर्ष

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय. अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजीचं सगळं एकदा वाचून झालंय, नोट्स काढल्यात, सिस्टिमवार वह्या आहेत, हाडं-सांधे, स्नायू, मेंदू-नसा, हृदय, श्वसन, पचन, किडनी, हार्मोन्स, प्रजनन, सगळं वेगवेगळं. एकेक धडा विचारला तर मी सांगू शकते, हृदयात रक्त कुठून कुठे जातं, नेफ्रॉनचे (किडनीतल्या सूक्ष्म गाळण्यांचे) भाग, मेंदूतून निघणाऱ्या बारा क्रेनियल नर्व्ह वगैरे. पण परवा सरावाच्या तोंडी परीक्षेत मॅडमनी एवढंच विचारलं की माणूस आडवा पडलाय, पटकन उभा राहिला, तर पुढच्या दहा सेकंदांत शरीरात काय काय होतं, आणि माझी पाटी कोरी. मी म्हटलं हार्ट रेट वाढतो. का वाढतो? म्हटलं सिम्पथेटिकमुळे, म्हणजे शरीराला धावपळीसाठी तयार करणाऱ्या नसांमुळे. मग त्यांनी विचारलं, सिम्पथेटिकला कोणी कळवलं? तिथे मी थांबलेच.

बाहेर आल्यावर शोधलं तर उत्तर माझ्याच तीन वह्यांत होतं. थोडं हृदयाच्या, थोडं रक्तवाहिन्यांच्या, थोडं मेंदूच्या. तिन्ही पाठ होतं आणि तरी सांगता आलं नाही याचं फार वाईट वाटतंय.

ही जोडणी कशी करायची? तीन आठवड्यांत परत सगळ्या वह्या पहिल्यापासून वाचायच्या का? कुणी अशी उजळणी केली असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

शरीरक्रिया_शिकवते

तुझ्या मॅडमनी विचारलेलं "कोणी कळवलं" हे अजिबात सोडू नकोस, अख्खी फिजिओलॉजी त्या दोन शब्दांवर उभी आहे. मी बरीच वर्षं हा विषय शिकवते आणि दरवर्षी हेच बघते, अभ्यासू मुलं, वह्या सुंदर, आणि जोडून विचारलं की अडतात. धडे पाडलेत ते शिकवायच्या सोयीसाठी, शरीरात धडे नाहीत. म्हणून पहिल्यापासून वाचू नकोस. एक प्रसंग घे आणि त्याचा शेवटपर्यंत पाठलाग कर.

तुझाच प्रसंग घेऊ. उभी राहिलीस की साधारण अर्धा लिटर, कधी त्याहूनही जास्त रक्त छातीतून खाली पोटाच्या आणि पायांच्या शिरांत उतरतं, कारण शिरांच्या भिंती पातळ, सहज ताणल्या जातात आणि त्यात रक्त साठतं. म्हणजे हृदयाकडे परत येणारं रक्त कमी झालं. हृदयाला जेवढं मिळतं तेवढंच ते पुढे ढकलणार, त्यामुळे एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी आणि प्रेशर खाली. आता बातमी द्यायची वेळ. गळ्यात कॅरोटिड धमनीला जिथे दोन फाटे फुटतात तिथे कॅरोटिड सायनस असतो, आणि दुसरी जागा महाधमनीची कमान. या दोन ठिकाणी भिंतीत ताण ओळखणारी चेतातंतूंची टोकं आहेत, तेच बॅरोरिसेप्टर. इथे बहुतेक मुलं चुकतात. प्रेशर उतरलं की "रिसेप्टर अ‍ॅक्टिव्हेट होतात" असं लिहून मोकळी होतात. उलटं आहे. नेहमीच्या प्रेशरलाही ते सतत सिग्नल पाठवतच असतात, भिंत कमी ताणली गेली की सिग्नल कमी होतात, आणि हे कमी होणं हीच मेंदूसाठी बातमी.

कॅरोटिडकडची बातमी नवव्या नर्व्हमधून येते, कमानीकडची दहाव्यामधून, दोन्ही मेडुलात, म्हणजे मेंदूच्या तळाच्या भागात, पोचतात. (बघ, ज्या बारा नर्व्ह तू पाठ केल्यास त्यातल्या दोन इथे कामाला लागल्या.) मेडुला आधी व्हेगसचा, म्हणजे त्याच दहाव्या नर्व्हचा, ब्रेक सैल करते. हृदयाचा ठोका जिथून सुरू होतो तो एसए नोड स्वतःच्या मर्जीने मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देईल, व्हेगस त्याला सत्तरवर धरून ठेवतो, म्हणून नुसता ब्रेक सोडला तरी एक-दोन ठोक्यांतच वेग वाढतो. मागोमाग सिम्पथेटिक येतं, त्याला काही सेकंद लागतात, धमनिका आवळतात, शिराही आवळतात, हृदय जोरात आकुंचन पावतं. आणि तू उभी राहून पाऊल टाकलंस की पोटरीचे स्नायू शिरांना पिळतात, शिरांच्या झडपांमुळे रक्ताला वरच जावं लागतं. तो मधला क्षण, अंधारी येते ना कधी कधी, ती बातमी जाऊन काम होईपर्यंतची फट आहे.

आता मोज किती वह्या उघडल्या. आणि तू तशीच उभी राहिलीस, पाणी कमी प्यायलेलं असेल, तर हीच गोष्ट पुढे किडनीत जाते, पण ती तू स्वतः लिही, मी नाही लिहिणार. लिहून इथे टाक, मी तपासते.

अजून एक. आकडे पाठ करतेस ना, त्यांचा गुणाकार करून बघत जा. एका ठोक्याला ७० मिली, मिनिटाला ७० ठोके, म्हणजे जवळजवळ ५ लिटर. अंगातलं एकूण रक्तही ५ लिटरच्या आसपास. म्हणजे शांत बसलेल्या माणसाचं अख्खं रक्त मिनिटाभरात एक फेरा मारून येतं. विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडलं तेव्हा त्याचा मोठा आधार हा हिशोबच होता, अर्ध्या तासात हृदयातून जेवढं रक्त बाहेर पडतं तेवढं अंगात नाहीच, म्हणजे तेच परत येत असणार. धमनीतून शिरेत ते जातं कसं हे त्याला दिसलं नव्हतं. तो १६५७ मध्ये गेला आणि १६६१ मध्ये माल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या दाखवल्या. न दिसलेली वाट हार्वेने गुणाकारावरून ओळखली होती, मला हे वर्गात सांगताना दरवेळी भरून येतं.

फिजिओ_तिसरंवर्ष

वरच्या मॅडमचं म्हणणं फिजिओलॉजीला शंभर टक्के पटतं पण अ‍ॅनाटॉमीला एवढ्याने भागणार नाही असं मला वाटतं. मनगटाची आठ हाडं कोणत्या क्रमाने बसलीत याची गोष्ट होत नाही, ती पाठच करावी लागतात, रोज थोडी थोडी, आणि पुस्तक मिटून. मी पहिल्या वर्षी पुस्तकातली आकृती बघून बघून वहीत उतरवायचो, फार सुरेख यायची, रंग वगैरे भरून, आणि परीक्षेत कोऱ्या कागदावर काढायला बसलो तेव्हा हृदयाची डावी बाजू कुठे घ्यायची इथपासून गोंधळ, कारण आकृतीतलं हृदय समोर उभ्या माणसाचं असतं, त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. बघून काढणं आणि आठवून काढणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. तेव्हापासून आधी कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं वेडंवाकडं काढायचं, मग पुस्तक उघडून लाल पेनाने दुरुस्त करायचं, दुसऱ्या दिवशी परत. लाल कमी होत जातं ते दिसतं.

दुसरं म्हणजे हात लाव. स्वतःच्या गळ्याखालच्या खळगीतून बोट उरोस्थीवरून हळूहळू खाली सरकव, चार-पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागेल, तिथे दुसरी बरगडी जोडलेली असते. पहिली बरगडी कॉलरबोनखाली दडलेली असल्यामुळे मोजणी कायम या उंचवट्यापासून सुरू करायची. बरगड्यांमधल्या जागा मोजत पाचव्यापर्यंत ये, डाव्या कॉलरबोनच्या मध्यातून खाली रेघ कल्पून तिथे तळवा ठेव, थोडं डावीकडे वळून झोपलीस तर हृदयाचं टोक हाताला टेकल्यासारखं लागतं. मी हे पहिल्यांदा केलं त्यानंतर एपेक्सची जागा मला परत कधी पाठ करावी लागली नाही.

आणि जिथे "का" मिळतो तिथे घेऊन टाक. उजवी किडनी डावीपेक्षा थोडी खाली का तर वर यकृत आहे. डाव्या फुप्फुसाला दोनच खंड आणि उजव्याला तीन, डाव्याने हृदयाला जागा करून दिलीय. श्वासनलिकेचा उजवा फाटा रुंद, आखूड आणि जास्त सरळ, म्हणून चुकून श्वासात गेलेला मणी बहुतेक वेळा उजवीकडे सापडतो. धमनी म्हणजे शुद्ध रक्त आणि शीर म्हणजे अशुद्ध हे शाळेतलं डोक्यातून काढूनच टाक, हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर, मग पल्मनरी (फुप्फुसाकडे जाणाऱ्या) धमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त का हा प्रश्नच उरत नाही.

डायलिसिस_टेक्निशियन

मी डायलिसिस युनिटला काम करतो, शिकवत नाही, पण वरचं वाचून लिहावंसं वाटलं, कारण सगळ्या सिस्टिम एकमेकींत गुंतलेल्या मला रोज समोर दिसतात.

शिकत असताना किडनी म्हणजे लघवी एवढंच डोक्यात होतं. कामाला लागलो आणि पेशंटचे रिपोर्ट बघायला लागलो तर दोन्ही किडन्या निकामी झालेल्या माणसाचं हिमोग्लोबिन कमी. किडनी आणि रक्ताचा काय संबंध? तर अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनव असं सांगणारं एरिथ्रोपोएटिन मुख्यतः किडनीतून येतं. तांबडी पेशी जगते १२० दिवस, जुन्या मोडत राहतात आणि नव्यांचा हुकूम देणारं कुणी नाही. मग हाडं दुखतात. त्याचं कारण व्हिटॅमिन डी. त्वचेत उन्हामुळे तयार होतं, यकृतात एक बदल होतो, आणि शेवटचा बदल किडनीत होऊन ते खऱ्या अर्थाने कामाचं होतं, तो झाला नाही तर आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, रक्तात कॅल्शियम उतरलं की पॅराथायरॉइड जोर लावते आणि हाडातून कॅल्शियम खेचते. त्वचा, यकृत, किडनी, आतडं, ग्रंथी, हाड, एकाच माणसाच्या एकाच फाइलमध्ये. मी ज्या दिवशी हे नीट समजून घेतलं त्या दिवशी त्या फाइलमधल्या गोळ्यांची यादी मला पहिल्यांदा वाचता आली, प्रत्येक गोळी का लिहिलीय ते दिसायला लागलं.

तुझा उभं राहण्याचा प्रश्न तर आमच्याकडे रोजचा. चार तासांत अंगातलं दोन-अडीच लिटर पाणी काढलेलं असतं, आधी आणि नंतर वजन करतो त्यावरून कळतं, एक किलो म्हणजे एक लिटर धर. त्यानंतर पेशंट झटकन उठला तर चक्कर येऊन खाली बसतो, कारण मुळात रक्तातलं पाणीच कमी झालेलं, त्यात अर्धा लिटर पायात उतरलं. म्हणून आम्ही आधी उठवून बसवतो, पाय खाली सोडून दोन-चार मिनिटं, प्रेशर बघतो, मग उभं करतो. तू नर्स होणार आहेस, हे तू रोज करशील.

फिस्टुला कधी बघायला मिळाला तर परवानगी घेऊन बोटं ठेवून बघ. हातातली धमनी आणि शीर ऑपरेशनने जोडलेली असते, धमनीचं प्रेशर सरळ शिरेत जातं, काही आठवड्यांत ती शीर फुगते, भिंत जाड होते. वर बोटं टेकवलीस की नाडीसारखं टिकटिक लागत नाही, सतत थरथर लागते, मांजर गुरगुरताना तिच्या अंगाला हात लावल्यावर लागते तशी. धमनीची भिंत जाड का आणि शिरेची पातळ का हे पुस्तकात दोन ओळींत असतं, इथे प्रेशर बदललं की भिंत कशी बदलते ते बोटांना कळतं.

पहिलंवर्ष

सगळ्यांचे मनापासून आभार, मला इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. मॅडम, काल रात्री पुस्तक न उघडता किडनीचा भाग लिहिला, जसा लिहिला तसाच टाकतेय.

खूप घाम गेला, पाणी प्यायलं नाही. रक्त घट्ट झालं, हायपोथॅलॅमसमधल्या ऑस्मोरिसेप्टरना कळलं, तहान लागली आणि पिट्युटरीत एडीएच तयार होऊन रक्तात आलं. एडीएच किडनीच्या कलेक्टिंग डक्टला पाणी परत घ्यायला लावतं, लघवी कमी आणि गडद. दुसरीकडे रक्ताचं प्रमाण कमी म्हणून किडनीला कमी प्रेशर मिळालं, तिने रेनिन सोडलं, रेनिनने अँजिओटेन्सिनोजेनचं अँजिओटेन्सिन वन केलं, मग त्याचं टू झालं, टूने रक्तवाहिन्या आवळल्या आणि अ‍ॅड्रिनलमधून अल्डोस्टेरॉन सोडायला लावलं, अल्डोस्टेरॉनने सोडियम आणि पोटॅशियम वाचवलं, सोडियमबरोबर पाणी आलं, प्रेशर वर.

शरीरक्रिया_शिकवते

छान लिहिलंस, सांगाडा बरोबर आहे, मुख्य म्हणजे प्रत्येक पायरीला कोणी कुणाला कळवलं ते आलंय. आता दुरुस्त्या.

एडीएच पिट्युटरीत तयार होत नाही. ते हायपोथॅलॅमसमधल्या चेतापेशी बनवतात, त्यांच्या लांब तंतूंमधून ते खाली पोस्टिरिअर पिट्युटरीत येतं, तिथे साठतं आणि तिथून रक्तात सुटतं. हा प्रश्न हमखास येतो. ऑक्सिटोसिनचंही तसंच.

अल्डोस्टेरॉन सोडियम ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर घालवतं. तू दोन्ही वाचवलंस. हे नीट लक्षात ठेव कारण पोटॅशियमचा थेट हृदयाच्या ठोक्याशी संबंध आहे, डायलिसिसवाले दादा सांगतील.

आणि दोन जागी तू पत्ता लिहिला नाहीस. अँजिओटेन्सिनोजेन कुठून आलं? यकृतातून. वनचं टू कुठे झालं? मुख्यतः फुप्फुसांच्या केशवाहिन्यांच्या अस्तरावर, तिथे हे काम करणारं एसीई नावाचं एन्झाइम असतं. किडनीने हाक मारली, यकृताने माल दिला, फुप्फुसात तो तयार झाला, अ‍ॅड्रिनलने पुढचा निरोप नेला आणि शेवटी परत किडनीनेच सोडियम धरलं. पत्ते लिहिल्याशिवाय हा प्रवास पूर्ण होत नाही, मार्कही तिथेच जातात.

हिशोबही करून बघ. दोन्ही किडन्यांत मिळून मिनिटाला १२५ मिली गाळलं जातं, दिवसाचे १४४० मिनिटं, म्हणजे १८० लिटर. बाहेर पडतं दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं परत घेतलं जातं. हे कळलं की एडीएच थोडंसं कमी-जास्त झालं तर केवढा फरक पडेल ते आपोआप कळतं.

डायलिसिस_टेक्निशियन

हो, पोटॅशियम. ते नव्वद टक्क्यांहून जास्त पेशींच्या आत असतं, बाहेर रक्तात अगदी थोडं, लिटरला साडेतीन ते पाच मिलिइक्विव्हॅलंट एवढंच चालतं. चेतापेशी असो की हृदयाची पेशी, तिचा आत-बाहेरचा विजेचा फरक याच्यावर टिकलेला. रक्तात ते वाढलं की ईसीजीवर टी वेव्ह उंच टोकदार होतात आणि फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून डायलिसिस चुकवलेला पेशंट आला की आम्ही आधी तेच बघतो. उणे ७० मिलिव्होल्ट आणि सोडियम-पोटॅशियम पंप, तीन सोडियम बाहेर दोन पोटॅशियम आत, हे पहिल्या धड्यातलं वाटतं पण शेवटपर्यंत लागतं, ते कच्चं असेल तर आधी ते पक्कं कर.

फिजिओ_तिसरंवर्ष

श्वसनासाठी एक सोपा प्रसंग देतो. बसल्या बसल्या श्वास रोखून धर, जमेल तेवढाच, ताणू नको, आणि कोणत्या क्षणी राहवत नाही ते बघ. आपल्याला वाटतं ऑक्सिजन संपला. खरं तर कार्बन डायऑक्साइड साठला, तो मेंदूभोवतीच्या द्रवात उतरून तिथली आम्लता वाढली आणि मेडुलाजवळच्या केमोरिसेप्टरनी आरडाओरडा केला. तिथून मागे मागे जात राहा, कार्बन डायऑक्साइड रक्तातून कसा येतो, तर ७० टक्के बायकार्बोनेट होऊन, ते कुठे होतं, तांबड्या पेशीत, कोणत्या एन्झाइमने, कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज. आणि बायकार्बोनेट म्हटलं की परत किडनी आलीच, फुप्फुस आम्लता मिनिटांत सावरतं, किडनीला तास-दिवस लागतात.

स्नायूंचं म्हणशील तर एकच वाक्य धर, कॅल्शियम ट्रोपोनिनला चिकटतं आणि ट्रोपोमायोसिन बाजूला होतं, मग मायोसिनचे धागे अ‍ॅक्टिनच्या धाग्यांना पकडून ओढतात. आणि मायोसिनला सुटण्यासाठी एटीपी (पेशीचं इंधन) लागतो, मेल्यावर तो मिळत नाही, म्हणून शरीर ताठ होतं.

पहिलंवर्ष

प्रजनन आणि लिम्फ कसं जोडू? ते कशातच बसत नाही.

शरीरक्रिया_शिकवते

लिम्फ तर रक्ताभिसरणाचाच राहिलेला तुकडा आहे. केशवाहिन्यांतून जेवढं पाणी पेशींभोवती झिरपतं त्यातलं बरंचसं परत जातं, दिवसाला साधारण तीन लिटर मागे राहतं, ते लिम्फ होऊन मानेच्या मुळाशी शिरांत परत येतं. सूज का येते या प्रश्नापासून सुरू कर, सगळं येईल.

प्रजननात मासिक चक्र फीडबॅकसाठी वाच. बाकी शरीरात जवळजवळ सगळीकडे वाढलं की दाबायचं, कमी झालं की वाढवायचं असं चालतं. चक्राच्या मध्यावर मात्र इस्ट्रोजेन एका पातळीवर बराच वेळ टिकलं की तेच पिट्युटरीच्या एलएच या हार्मोनला दाबायचं सोडून उसळवतं आणि बीज बाहेर पडतं. हा अपवाद आणि प्रसूतीतलं ऑक्सिटोसिन, तिथेही वाढलेलं आणखी वाढतं, म्हणून दोन्ही एकत्र कर.

पहिलंवर्ष

आज खोलीतल्या मैत्रिणीला दहा मिनिटं आडवी झोपवली, मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजली, ६८. मग बोटं न उचलता तिला उभं केलं. पहिल्या दोन-तीन ठोक्यांतच नाडी बोटाखाली पळायला लागली आणि जरा बारीक लागली, मिनिटभराने मोजली तर ८२. तिला विचारलं काय वाटलं, ती म्हणाली काहीच नाही. तिच्या गळ्यातून नवव्या नर्व्हमधून बातमी गेली, व्हेगस सैल झाला, शिरा आवळल्या, आणि तिला काहीच वाटलं नाही. मी तिथेच तिला सगळं तोंडी सांगितलं, पहिल्यापासून, कुठेही न थांबता.

हृदय आणि नेफ्रॉन कोऱ्या कागदावर काढलेत, लाल बरंच आहे. पुढचा प्रसंग जिना चढण्याचा घेतलाय, उद्या लिहून टाकते, मॅडम वेळ मिळाला तर तपासाल का?

शरीरक्रिया_शिकवते

टाक. आणि नाडी बारीक का लागली तेही लिहून आण, ते तू बघितलंस पण सांगितलं नाहीस.